आज्ञावली विकसनासाठी संगणकाची मांडणी

आज्ञावली विकसनासाठी संगणकाची मांडणी म्हणजे वैयक्तिक संगणकावर आज्ञावल्या लिहिणे, तपासणे व चालवणे शक्य व्हावे यासाठी आवश्यक साधने बसवून ती परस्परांशी जुळवून देण्याची प्रक्रिया होय. मजकूर संपादक, निवडलेल्या भाषेचा संकलक किंवा इंटरप्रिटर, आवृत्ती नियंत्रण प्रणाली आणि आज्ञा टंकण्याची खिडकी, म्हणजे टर्मिनल, ही त्यांतील प्रमुख साधने आहेत. साधने बसवणे तुलनेने सोपे असते. ती एकमेकांना सापडतील अशी व्यवस्था करताना नवशिक्याची खरी दमछाक होते.

पार्श्वभूमी

आरंभीच्या वैयक्तिक संगणकांवर संपादक व संकलक सहसा वेगवेगळे असत. १९८३ साली बोरलँड कंपनीने आणलेल्या टर्बो पास्कलमध्ये ते एकत्र आले आणि त्याची किंमत अवघी ४९.९५ डॉलर होती. त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली; त्यातून १९८७ साली मुक्त संकलक उपलब्ध झाला. भारतातील अनेक महाविद्यालयांत टर्बो सी++ हे साधन डॉसचा काळ सरल्यावरही डॉसबॉक्सच्या आधाराने वापरले गेले. ते सी++ भाषेच्या १९९८ सालच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणापूर्वीचे असल्याने, त्यावर गिरवलेले धडे आधुनिक संकलक जसेच्या तसे स्वीकारत नाहीत. विद्यार्थ्याला मात्र आपलेच काही चुकले असे वाटत राहते.

पाथ

टर्मिनलमध्ये एखादे नाव टंकले असता कार्यप्रणाली ती आज्ञावली संपूर्ण संगणकात शोधत नाही. 'पाथ' नावाच्या चलात नोंदवलेले फोल्डर ती क्रमाने पाहते. विंडोजमध्ये या नोंदी अर्धविरामाने, तर लिनक्समध्ये अपूर्णविरामाने विभक्त केलेल्या असतात. संकलक व्यवस्थित बसवलेला असूनही 'अशी आज्ञा सापडली नाही' असा संदेश येतो, त्याचे कारण बहुधा येथेच असते. विंडोजसाठीच्या पायथनच्या अधिकृत स्थापकात पाथमध्ये नोंद करण्याची चौकट मुळात रिकामी असते. तिच्यावर खूण न करताच पुढे जाणे ही नेहमीची चूक आहे. नोंद केल्यानंतरही आधीपासून उघडे असलेले टर्मिनल जुनाच पाथ वापरते, म्हणून ते बंद करून पुन्हा उघडावे लागते. एकाच साधनाच्या दोन आवृत्त्या असल्यास क्रमाने आधी सापडणारी चालते. ती कोणती, हे विंडोजच्या आज्ञा खिडकीत 'व्हेअर' व लिनक्समध्ये 'विच' या आज्ञेने कळते. साधन काढून पुन्हा बसवण्यापूर्वी एवढे पाहिले तर पुष्कळ श्रम वाचतात.

देवनागरी मजकूर

मराठी मजकूर हाताळणाऱ्या आज्ञावलीसाठी धारिका यूटीएफ-८ संकेतनात जतन करणे आवश्यक असते. केन थॉम्पसन व रॉब पाईक यांनी १९९२ साली आखलेल्या या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. 'मराठी' या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात. पायथन ३ मात्र त्याची लांबी पाच सांगते, कारण काना व वेलांटी स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात, आणि साठवताना १५ बाइट लागतात. त्यामुळे शब्द उलटा करण्यासारखा साधा अभ्यासही मराठीत वेगळा विचार मागतो. फोल्डरचे नाव देवनागरीत असल्यास काही जुनी साधने अडतात. विंडोजमधील वापरकर्त्याचे नाव मराठीत असेल तर त्याच नावाच्या फोल्डरमुळे हा दोष दिसतो आणि त्याचे मूळ लवकर ध्यानात येत नाही.

आवृत्ती नियंत्रण

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेली गिट ही प्रणाली आज सर्वाधिक वापरात आहे. पहिली नोंद करण्यापूर्वी तिला वापरकर्त्याचे नाव व ईमेल पत्ता द्यावा लागतो. एकाच संगणकावरील गिटचा इतिहास म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे; डिस्क निकामी झाल्यास इतिहासही जातो, म्हणून दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवणे इष्ट. संकेतशब्द वा गुप्त किल्ल्या असलेली धारिका एकदा नोंदवली गेली, की पुढे पुसली तरी जुन्या नोंदींत ती शिल्लक राहते. अशी धारिका सार्वजनिक झाली असल्यास किल्ली बदलणे हाच भरवशाचा उपाय आहे.