विटाळ : एका शब्दाचा माग

सोलापुरात आमच्या चाळीतल्या खोलीत आजीचे सोवळ्याचे लुगडे उंच दांडीवर वाळत असे. शाळेतून आल्यावर चुकून माझा हात त्याला लागला की ती ओरडायची, "विटाळलंस ना रे!" मी लुगडे उलटसुलट करून बघायचो. डाग नसायचा. उलट शेणाने सारवलेली जमीन तिला पवित्र वाटायची. मग घाण आहे कुठे? हा प्रश्न मनात राहिला. पुढे नोकरी सांभाळून जुने कोश आणि व्याकरणे चाळण्याचा नाद लागला, तेव्हा त्याचे उत्तर थोडे थोडे हाती येत गेले.

बाराव्या शतकात गुजरातेतील पाटण येथे आचार्य हेमचंद्र या जैन पंडिताने 'सिद्धहेमशब्दानुशासन' हे व्याकरण रचले. त्याचा आठवा अध्याय प्राकृत भाषांचा असून त्याच्या अखेरीस अपभ्रंशाचा विचार येतो. तेथे संस्कृत शब्दांच्या जागी लोकभाषेत कोणते शब्द येतात याची एक यादी आहे. 'शीघ्र'च्या जागी 'वहिल्ल', 'क्रीडा'च्या जागी 'खेड्ड', अशा त्या जोड्या. ज्ञानेश्वरीच्या वाचकांना यातला 'वहिला' लगेच ओळखू येईल. याच यादीत 'विट्टाल' आहे. 'वट्टा'ची 'वाट' होताना जोड 'ट्ट'चा एक 'ट' झाला, आणि 'फल'चे 'फळ' होताना 'ल'चा 'ळ' झाला. याच वाटेने 'विट्टाल'चा 'विटाळ' झाला. गुजरातीत त्याचा भाऊबंद 'वटाळ' आजही बोलला जातो आणि त्याला धर्म बाटवण्याचाही अर्थ आहे.

महत्त्वाचा आहे तो हेमचंद्रांनी दिलेला अर्थ. 'विट्टाल'चा संस्कृत पर्याय म्हणून त्यांनी मळ, घाण किंवा अशुद्धी यांपैकी काहीच दिलेले नाही. त्यांनी दिलेला अर्थ आहे अस्पृश्याचा संसर्ग. काही जण 'विटाळ' हा शब्द 'विष्ठे'शी जोडतात. कानाला ते पटतेही. पण संस्कृतातून प्राकृतात ध्वनी कसे बदलतात हे सूत्रबद्ध करणाऱ्या या वैयाकरणाने हा शब्द साधून दाखवलेला नाही, नुसता बदली शब्द म्हणून नोंदवला आहे. म्हणजे त्याच्या दृष्टीनेही तो लोकांच्या बोलण्यातूनच आलेला होता. आजीच्या लुगड्यावर डाग का नव्हता, हे मला येथे कळले. विटाळ वस्तूवर नसतोच. कोण कोणाला शिवले, यात तो असतो.

आमच्या सोलापुरात तीन भाषा एकाच नळावर भेटतात, त्यामुळे पडताळा घेणे सोपे आहे. कन्नडमध्ये 'मैलिगे' म्हणतात, तो शब्द मळाच्या कुळातला. पण 'मुट्टु' म्हणजे स्पर्श आणि मासिक पाळीही. मराठीत 'शिवणे'वरून 'शिवाशिव' आली आणि पाळीला 'कावळा शिवला' म्हणू लागले. म्हणजे अशुद्धीच्या शब्दांची दोन घराणी दिसतात, एक मळाचे आणि एक स्पर्शाचे. 'विटाळ' दुसऱ्या घराण्यातला. मळ साबणाने जातो. स्पर्शाचा दोष मात्र शास्त्री सांगेल तेव्हाच जातो, म्हणून तो सांगणाऱ्याच्या हाती सत्ता राहते.

हेमचंद्र पाटणला हा शब्द नोंदवत होते, त्याच शतकात आपल्या भागात ती कल्पनाच नाकारली जात होती. बसवेश्वरांचे काही काळ वास्तव्य मंगळवेढ्यास होते, सिद्धरामेश्वर तर सोलापूरचेच. शरणांनी जनन, मरण, रज, उच्छिष्ट आणि जाती ही पाचही सूतके मानली नाहीत. पुढे चौदाव्या शतकात मंगळवेढ्याच्याच चोखोबांनी 'विटाळ' हा शब्द अभंगात आणून जाब विचारला, आणि सोयराबाईंनी तोच प्रश्न देहाच्या अंगाने मांडला. ज्यांच्यावर शब्द फेकला जात होता, त्यांनीच तो उचलून तपासला. गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. पंढरपुरात त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे.

हा शब्द मजुरीपर्यंतही पोहोचला होता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी अधिक, पण तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा भेद जाहीरपणे पुढे आणला. त्याआधी वर्षभर, मार्च 1927 मध्ये, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी सत्याग्रहींनी प्यायल्यावर तेथील सवर्णांनी तळ्यात पंचगव्य ओतून 'शुद्धी' केली होती. गुरे ज्या तळ्यात पाणी पीत, त्याला माणसाच्या ओंजळीचा विटाळ झाला! 1948 साली बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला.

1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा विठ्ठलमंदिराचे दार सर्वांना उघडले. 1950 पासून संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. पण शब्दाचा दुसरा अर्थ घराघरांत टिकून आहे. महिन्याचे ते दिवस आले की लेकीसुनेला आजही देवघरापासून दूर ठेवतात, आणि कारण विचारले तर 'स्वच्छतेसाठी' असे सांगतात. या शब्दाचा इतिहास पाहता ते उत्तर टिकत नाही. अर्थ पहिल्यापासून स्पर्शाचा आहे, स्वच्छतेचे कारण मागाहून जोडलेले आहे.

माझ्या टिपणवहीत 'विटाळ' शब्दापुढे मी पूर्वी 'अशुद्धी' असे लिहिले होते. यंदा ते खोडून लिहिले : 'शिवू न देण्यासाठी केलेला शब्द.'