चाकांचे रंगकाम आणि पावडर कोटिंग

वाहनाच्या धातूच्या चाकाला गंजापासून व क्षरणापासून वाचविण्यासाठी आणि त्याला रंगरूप देण्यासाठी त्यावर जो लेप दिला जातो, त्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत : द्रव रंगाचा फवारा आणि पावडर कोटिंग. पहिल्या पद्धतीत द्रावकात विरघळविलेला रंग फवारून सुकविला जातो. दुसरीत कोरडी भुकटी स्थिर विद्युतभाराच्या साहाय्याने धातूवर बसवून भट्टीत वितळविली जाते. या दोहोंतील निवड केवळ दिसण्याशी निगडित नाही. लेपाची जाडी, भट्टीचे तापमान आणि चाकाच्या नटांची बैठक यांचा वाहनाच्या सुरक्षिततेशी थेट संबंध येतो. रायगड जिल्ह्यातील खोपोली येथील शिळफाटा व त्यापुढील बोरघाट यांसारख्या अतिवृष्टीच्या, घाटरस्त्याच्या व अवजड वाहतुकीच्या परिसरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

बैलगाडीच्या लाकडी चाकाला तुंबा, आरे आणि बाहेरून तापवून चढविलेली लोखंडी धाव असे. धाव रस्त्यावर सतत घासली जात असल्याने तिच्यावर रंग टिकण्याचा प्रश्नच नव्हता. हवा भरलेल्या रबरी टायरचा वापर सुरू झाल्यावर चाकाचा धातू रस्त्यापासून अलग झाला आणि त्यावर टिकाऊ लेप देणे शक्य व आवश्यक झाले.

आज वापरात असलेली चाके मुख्यतः दोन प्रकारची आहेत. ट्रक, बस, टेम्पो आणि अनेक मोटारींना दाबीव पोलादी पत्र्याची चाके असतात. अनेक मोटारी व दुचाकींना ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव चाके असतात. बोलीभाषेत त्यांना ‘अलॉय’ किंवा ‘मॅगव्हील’ म्हणतात. पोलाद गंजते व गंजाचे पापुद्रे सुटतात. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. मात्र लेपाला टवका उडाला की त्या जागेपासून लेपाखाली धाग्यासारखे पांढुरके क्षरण पसरत जाते.

पावडर कोटिंगचे मूळ विसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत आढळते. एर्विन गेमर यांनी १९५३ मध्ये तापविलेली वस्तू हवेने उसळत्या ठेवलेल्या भुकटीत बुडविण्याच्या प्रक्रियेसाठी एकस्व अर्ज दाखल केला. १९६० च्या दशकात स्थिर विद्युत फवारणीची पद्धत व्यवहारात आली आणि पातळ, एकसारखा थर देणे शक्य झाले.

महाराष्ट्रात रंगनिर्मितीची परंपरा जुनी आहे. आजच्या कन्साई नेरोलॅक या कंपनीचा आरंभ १९२० मध्ये मुंबईतील लोअर परळ येथे झाला, तर एशियन पेंट्सची स्थापना १९४२ मध्ये मुंबईत झाली. चाकांच्या निर्मितीत पुणे जिल्ह्यातील चाकण व शिक्रापूर हा पट्टा महत्त्वाचा असून, रांजणगाव येथे पावडर कोटिंगच्या भुकटीचेही उत्पादन होते.

पृष्ठभागाची पूर्वतयारी

लेप कोणताही असो, त्याचे आयुष्य प्रामुख्याने पूर्वतयारीवर अवलंबून असते. प्रथम टायर, व्हॉल्व्ह, तोलासाठी लावलेली वजने आणि असल्यास हवेचा दाब मोजणारा संवेदक काढून घेतात. त्यानंतर ग्रीस व तेल धुऊन काढतात. जुना रंग व गंज काढण्यासाठी रासायनिक द्रव, तारेचा ब्रश किंवा ब्लास्टिंग यांचा उपयोग केला जातो. स्वच्छ झालेल्या पोलादावर फॉस्फेटचा सूक्ष्म थर देतात. ॲल्युमिनियमवर क्रोमेट अथवा झिर्कोनियमयुक्त रासायनिक थर देतात. या थरामुळे लेप धातूला घट्ट धरून राहतो आणि टवका उडाल्यास क्षरणाचा प्रसार मंदावतो.

ब्लास्टिंग केलेले उघडे पोलाद दमट हवेत काही तासांतच तांबूस पडते. म्हणून सफाई व पहिला थर यांत खंड पडू न देणे हा या कामातील मूलभूत नियम मानला जातो.

द्रव रंग

पारंपरिक रंगकामात अस्तर (प्राइमर), रंगाचा थर व आवश्यक असल्यास पारदर्शक थर असा क्रम असतो. गॅरेजमध्ये पोलादी चाकांना रेड ऑक्साइडचे अस्तर व त्यावर इनॅमल देण्याची रीत प्रचलित आहे. अधिक टिकाऊ कामासाठी इपॉक्सी अस्तर व दोन घटक मिसळून तयार होणारा पॉलियुरेथेन रंग वापरतात. कारखान्यात पोलादी चाके विद्युतभारित रंगाच्या टाकीत बुडवून त्यांवर साधारण १५ ते २५ मायक्रॉन जाडीचे अस्तर चढविले जाते. सांधे व खोबणींतही ते पोचते.

द्रव रंगाला हवामानाची बंधने आहेत. धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस अधिक असावे आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. तो न पाळल्यास रंगाखाली बाष्प अडकते. पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेट हा घटक पाण्याशी अभिक्रिया करून वायू निर्माण करत असल्याने थरात बुडबुडे येऊ शकतात.

पावडर कोटिंग

पावडर कोटिंगची भुकटी ही रेझिन, कठिणीकारक, रंगद्रव्य व पूरक द्रव्ये यांचे बारीक दळलेले मिश्रण असते. उघड्यावर वापरायच्या वस्तूंसाठी बहुधा पॉलिएस्टर वापरतात. इपॉक्सीची पकड व रसायनरोधकता उत्तम असली तरी उन्हात तिची चमक जाऊन पृष्ठभाग खडूसारखा होतो. त्यामुळे चाकांसाठी ती अस्तर म्हणूनच योग्य ठरते.

फवारणीच्या बंदुकीतून बाहेर पडणाऱ्या कणांना साधारण ६० ते १०० किलोव्होल्ट विद्युतदाबाने भारित केले जाते. चाक भूसंपर्कित असल्याने कण त्याकडे ओढले जाऊन चिकटतात. नंतर धातूचे तापमान सामान्यतः १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन ते १० ते २० मिनिटे राखतात. या काळात भुकटी वितळते, सलग पसरते आणि रासायनिक बंधांनी कायमची दृढ होते. एकदा दृढ झालेला असा थर पुन्हा तापविला तरी वितळत नाही. थराची जाडी सामान्यतः ६० ते १०० मायक्रॉन असते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. आऱ्यांमधील खोल कोपऱ्यांत विद्युतक्षेत्र क्षीण असल्याने तेथे भुकटी कमी बसते. ओतीव चाकाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकलेली हवा व तेल भट्टीत बाहेर पडून थराला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. ती टाळण्यासाठी चाक आधी रिकामेच तापवून घेतात. तारांच्या आऱ्यांच्या दुचाकी चाकांना पावडर कोटिंग करावयाचे झाल्यास आरे काढून रिम स्वतंत्रपणे भट्टीत घालावी लागते.

तुलना

टिकाऊपणा : पावडरचा थर एका हातात जाड बसतो व खडीचे बारीक मार सोसतो. मात्र टवका उडून पाणी आत शिरले, तर जाड थराखाली गंज दिसल्यावाचून पसरतो आणि पुढे सबंध पोपडा सुटतो. पातळ रंगावर गंजाचा डाग लवकर दिसतो.

दुरुस्ती : द्रव रंगाचा टवका घासून त्या जागी रंग लावता येतो. पावडरच्या थरावर अशी जागच्या जागी दुरुस्ती द्रव रंगानेच करावी लागते; मूळ दर्जाचे काम हवे असल्यास सर्व थर काढून चाक पुन्हा भट्टीत घालावे लागते. पदपथाला घासून पडलेले खड्डे नेहमीच्या लांबीने (पुट्टीने) भरले असतील, तर ती लांबी भट्टीचे तापमान सोसत नाही.

रंगछटा : धातुचमक व बहुस्तरीय छटांसाठी द्रव रंग सोयीचा असतो. मोटारींच्या मिश्रधातू चाकांवर दोन्ही पद्धती एकत्र वापरलेल्या आढळतात : पावडरचे अस्तर, त्यावर द्रव रंग व अखेरीस पारदर्शक थर.

साधने : रंगकाम स्प्रे गन व कॉम्प्रेसर एवढ्यावर होऊ शकते. पावडरसाठी चाक मावेल एवढी, समान तापणारी भट्टी लागते. भट्टीतील हवेचे तापमान व चाकाच्या जाड भागाचे तापमान यांत फरक असतो. वेळ हवेच्या तापमानावरून मोजल्यास थर वरून पक्का दिसूनही आतून कच्चा राहतो.

सुरक्षिततेचे मुद्दे

नटांची बैठक : चाक जागेवर राहते ते घट्ट आवळलेल्या बोल्टांच्या ताणामुळे. आवळताना बोल्ट मिलीमीटरच्या लहानशा अंशाइतका ताणला जातो आणि तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. नटाच्या बैठकीवर किंवा हबला टेकणाऱ्या पृष्ठभागावर जाड लेप असल्यास तो भाराखाली व उष्णतेने हळूहळू चेपला जातो, बोल्टचा ताण उतरतो आणि नट सैल होतात. ट्रकच्या मागील जोडचाकांत हा धोका वाढतो. दोन चाकांच्या मिळून चार बाजूंवर प्रत्येकी ८० मायक्रॉनचा थर असल्यास एकूण जाडी ३२० मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचा जवळजवळ एक तृतीयांश होते. कारखान्यातील २० मायक्रॉनच्या अस्तरात ती ८० मायक्रॉनच भरते. त्यामुळे पावडर कोटिंग करताना नटांच्या बैठका, हबचे छिद्र व टेकणारे पृष्ठभाग उष्णतारोधक पट्टी किंवा बुचांनी झाकून घेतात. जुन्या रंगावर वारंवार रंग चढविण्यातही हाच धोका असतो. चाक बसविल्यावर नट टॉर्क पान्याने ठरावीक बलाने आवळणे आणि सुमारे ५० ते १०० किलोमीटर अंतरानंतर ते पुन्हा तपासणे आवश्यक असते.

मिश्रधातू व उष्णता : ॲल्युमिनियमच्या ओतीव चाकांना उष्मोपचाराने बळकटी आणलेली असते. त्याचा अखेरचा टप्पा सामान्यतः १५० ते १७० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास चालतो. त्याहून अधिक तापमानाच्या भट्टीत चाक दीर्घकाळ किंवा पुनःपुन्हा ठेवल्यास धातूचे बळ घटू शकते. जुना रंग जाळून काढणाऱ्या भट्ट्यांचे तापमान ४०० अंशांच्या घरात असते. मिश्रधातूच्या चाकांसाठी ती पद्धत निषिद्ध समजली जाते. बाह्यतः असे चाक नवे दिसत असले, तरी त्याची आतील हानी डोळ्यांना दिसत नाही.

तडे : नवा जाड थर बारीक तडे झाकतो. म्हणून लेप काढल्यानंतर व नवा देण्यापूर्वी बोल्टांची छिद्रे, आऱ्यांचे बुंधे व पोलादी चाकांतील वेल्डिंगची रेघ तपासणे अगत्याचे असते. तडा गेलेले किंवा वाकलेले चाक कोणत्याही लेपाने पुन्हा वापरण्याजोगे होत नाही.

मानके : प्रवासी मोटारींच्या चाकांच्या चाचण्यांसाठी आयएस ९४३६ आणि मिश्रधातूच्या चाकांसाठी आयएस १६१९२ ही भारतीय मानके आहेत. लेपाची क्षरणरोधकता तपासण्यासाठी आयएसओ ९२२७ नुसार ३५ अंश सेल्सिअस तापमानाला ५ टक्के मिठाच्या द्रावणाचे धुके सोडतात.

आरोग्य व पर्यावरण

द्रव रंगातील द्रावक हवेत मिसळतात. पावडरमध्ये द्रावक जवळजवळ नसतो व खाली पडलेली भुकटी गोळा करून पुन्हा वापरता येते. मात्र हवेत तरंगणारी बारीक भुकटी ठिणगीने पेटू शकते. म्हणून फवारणीकक्षात हवेचे खेचण व भूसंपर्कन अनिवार्य असते. पॉलियुरेथेन रंगातील आयसोसायनेटमुळे फवारणी करणाऱ्यास दम्याचा विकार जडू शकतो. साधा कापडी रुमाल त्यापासून संरक्षण देत नाही.

सर्वांत गंभीर धोका वाळूने केलेल्या ब्लास्टिंगचा आहे. वाळूतील सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग होतो. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार तो अधिसूचित रोग होता. वाळूऐवजी पोलादी कण, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी वापरता येतात. जुन्या पिवळ्या व नारिंगी रंगांत शिशाची संयुगे असू शकतात. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली. औद्योगिक रंगांना ती लागू नाही. त्यामुळे जुना रंग कोरडा घासण्यापेक्षा ओला घासणे श्रेयस्कर ठरते.

शिळफाटा व बोरघाट परिसर

शिळफाटा हा खोपोली नगरपरिषद क्षेत्रातील, जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरील फाटा आहे. ठाणे जिल्ह्यातील याच नावाचे ठिकाण वेगळे आहे. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी वसली असून खंडाळा तिच्यापेक्षा सुमारे ५०० मीटर उंचावर आहे. २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यानंतरही जुन्या महामार्गावर वाहतूक सुरू आहे.

या परिसरातील परिस्थिती चाकांच्या लेपाची तीन अंगांनी परीक्षा घेते. पहिले, कर्जत व खालापूर तालुक्यांत वर्षाला सुमारे ३,००० मिलीमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो व तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एकवटलेला असतो; या काळात उघड्यावर द्रव रंगाचे काम करणे कठीण होते. दुसरे, घाट उतरताना भरलेल्या वाहनाचे ब्रेक ड्रम तापतात व ती उष्णता चाकाच्या मध्यभागाकडे जाते. हबजवळच्या जाड लेपाचे चेपणे अशा वेळी अधिक होते. लहान गिअरमध्ये इंजिनाच्या रोधाने घाट उतरणे हा ब्रेकप्रमाणेच चाकाच्याही हिताचा उपाय आहे. तिसरे, बंदर व खाडीकाठाकडून येणाऱ्या वाहनांच्या चाकांना क्षारयुक्त हवा व चिखल लागतो. पोलादी रिमच्या सांध्यांत साचलेला असा चिखल लेपाचे आयुष्य घटवितो.

निवडीचे निकष

ट्रक व टेम्पोच्या पोलादी चाकांना, विशेषतः जोडचाकांना, चांगल्या सफाईवर दिलेले इपॉक्सी अस्तर व पातळ द्रव रंग सोयीचे ठरतात. ते जागच्या जागी दुरुस्त करता येतात व बैठकीची जाडी आटोक्यात राहते. मोटारीच्या सुट्या पोलादी चाकांना आणि दुचाकीच्या रिमला पावडर कोटिंग दीर्घकाळ साथ देते, मात्र बैठका झाकलेल्या असणे आवश्यक आहे. मिश्रधातूच्या चाकाला पावडर करावयाची असल्यास भट्टीच्या तापमानाची नोंद ठेवणारे केंद्र निवडावे लागते, जुना लेप जाळून न काढता रसायनाने किंवा सौम्य ब्लास्टिंगने काढावा लागतो आणि भट्टीच्या फेऱ्या कमीत कमी ठेवाव्या लागतात. चाक पूर्वी लांबीने भरलेले असल्यास द्रव रंग हाच व्यवहार्य पर्याय उरतो. पावसाळ्याच्या प्रदेशात दोन्ही पद्धतींचे काम शक्यतो ऑक्टोबर ते मे या कोरड्या काळात उरकणे इष्ट असते.

हेही पहा

गंज
विद्युत विलेपन
ॲल्युमिनियम
बोरघाट
खोपोली
सिलिकोसिस