रंधा मशीन : फळीची पहिली सपाट बाजू

वखारीतून आणलेली सागवानाची फळी हातात धरली असता सरळ वाटते. तीच काचेसारख्या सपाट पृष्ठावर ठेवली की एखादा कोपरा वर राहतो, मध्ये फट दिसते, बोटाने दाबले तर फळी डुगडुगते. अशा फळ्यांपासून चौरंग, देव्हारा किंवा दाराची चौकट केली तर सांधे उघडे राहतात, कोपरे काटकोनात बसत नाहीत आणि मग लांबी, पट्टी व पॉलिश यांच्या आड दोष लपवावे लागतात. सुतारकामातील सर्व मापे एका सपाट बाजूपासून आणि तिला काटकोनात असलेल्या एका कडेपासून घेतली जातात. ही पहिली बाजू आणि पहिली कड तयार करणारे यंत्र म्हणजे जॉइंटर. ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील कारखान्यांत त्याला 'रंधा मशीन' म्हणतात. यंत्रविक्रेते 'सरफेस प्लेनर' असेही नाव वापरतात.

लाकूड आणि हा परिसर

या भागाचा लाकडाशी संबंध जुना आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने कल्याण बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात लाकडाच्या ओंडक्यांची नोंद केली आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर येथील खाडीच्या आश्रयाने शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजबांधणी सुरू झाली. शहापूर, मुरबाडकडील जंगलांत साग आजही आहे. १९४९ मध्ये सिंधी निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि पुढे त्या गावाचा फर्निचर बाजार सर्व उपनगरांत परिचित झाला.

आज शहरी घरांतील बहुतेक फर्निचर प्लायवूडचे असते आणि प्लायवूडला या यंत्राची गरज नसते. मात्र भरीव लाकडाचे महत्त्व वेगळ्या कारणाने वाढले आहे. जुने वाडे आणि चाळी पुनर्विकासासाठी पाडल्या जातात तेव्हा त्यांतून तुळया, वासे, दारे आणि जिन्यांच्या पायऱ्या निघतात. त्यांतील काही लाकूड ब्रह्मदेशातून आलेले सागवान असते. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केल्यामुळे अशा लाकडाला पर्याय मिळणे कठीण झाले आहे. हे लाकूड पुन्हा वापरता येईल की सरपणात जाईल, हे पुष्कळदा ते नीट सपाट करून घेता येते की नाही यावर ठरते.

फळी का वाकते?

लाकूड हवेतील बाष्प घेते आणि सोडते. सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असताना लाकडातील पाण्याचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की ते १८ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. पावसाळ्यात दारे चौकटीला घासतात आणि मार्चनंतर सुटी होतात, त्याचे कारण हेच. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८७ या मानकात लाकडातील पाण्याची मर्यादा ठरवण्यासाठी हवामानानुसार देशाचे चार विभाग केले आहेत, तेही याच कारणाने.

लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. वार्षिक वलयांच्या रेषेत मात्र ते केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट आकसते. त्यामुळे फळीत चार प्रकारचे दोष येतात. रुंदीत पन्हळीसारखा बाक, लांबीत कमान, कडेच्या दिशेने तलवारीसारखा वाक आणि दोन टोके परस्परविरुद्ध फिरल्याने येणारा पीळ. यांपैकी पीळ नजरेला सर्वांत उशिरा दिसतो. तो ओळखण्यासाठी फळीच्या दोन्ही टोकांवर दोन सारख्या सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका पट्टीवरून दुसरीकडे पाहावे. दोघींच्या वरच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर फळीत पीळ आहे.

यंत्राची रचना

यंत्राने लाकूड रंधण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये सॅम्युअल बेन्थम याने १७९१ मध्ये आणि अमेरिकेत विल्यम वुडवर्थ याने १८२८ मध्ये अशा यंत्रांची पेटंटे घेतली. आजच्या रंधा मशीनमध्ये एका रेषेत दोन लोखंडी टेबले असतात आणि त्यांच्या मधल्या फटीत पाती बसवलेला दंडगोल वेगाने फिरतो. पुढचे टेबल, म्हणजे जेथून फळी आत ढकलतात ते, थोडे खाली असते; जितके खाली, तितकी जाडी एका फेरीत निघते. मागचे टेबल पात्यांच्या सर्वोच्च बिंदूच्या बरोबर पातळीत असावे लागते. बाजूला काटकोनात एक उभी आधारपट्टी असते.

यंत्राचा सारा अचूकपणा या मागच्या टेबलाच्या पातळीवर अवलंबून आहे. ते पात्यांपेक्षा उंच असेल तर फळी त्याच्या कडेला अडते किंवा शेवटाकडे कमी छिलली जाते. ते खाली असेल तर फळीचे शेवटचे टोक पुढचे टेबल सोडताच खाली बसते आणि तेथे खोल खाच पडते. फळ्यांच्या टोकांशी वारंवार अशी खाच दिसू लागली तर दोष बहुधा लाकडात नसून यंत्राच्या जुळणीत असतो.

कामाचा क्रम

पहिली गोष्ट यंत्रावर जाण्यापूर्वीची. सुतारी मापात इंचाचे आठ सूत होतात. सहा फूट लांब आणि एक इंच जाड फळीत एक सूत कमान असेल, तर ती काढताना एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने एक असे दोन सूत जातात आणि सहा सूत जाडी उरते. तीच फळी आधी मध्ये कापून तीन-तीन फुटांचे दोन तुकडे केले, तर प्रत्येकातील कमान पाव सुतावर येते आणि जाडी साडेसात सुतांपर्यंत टिकते. म्हणून तुकडे लागणाऱ्या लांबीपेक्षा थोडे मोठे कापून घ्यावेत आणि मगच रंधावेत.

त्यानंतर फळीची खोलगट बाजू खाली ठेवावी. अशी फळी दोन्ही कडांवर टेकते आणि डुगडुगत नाही. फुगीर बाजू खाली ठेवली तर प्रत्येक फेरीत ती वेगळ्या कोनात झुकते. एका फेरीत साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी लाकूड काढावे. फळी दाबून सपाट करण्याचा मोह टाळावा. दाबलेली फळी पात्यांवरून जाताना सरळ दिसते, परंतु हात सुटताच पुन्हा आपल्या मूळ वाकावर येते. दाब सुरुवातीला पुढच्या टेबलावर ठेवावा आणि फळीचा पुरेसा भाग पलीकडे गेला की तो मागच्या टेबलावर न्यावा. नव्याने तयार झालेले सपाट पृष्ठच पुढील भागाला आधार देते.

रेषांची दिशाही पाहावी लागते. फळीच्या कडेवर दिसणाऱ्या रेषा पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे जाताना खाली, टेबलाकडे उतरत असाव्यात. उलट दिशेने ढकलल्यास पाती तंतू उचकटतात आणि पृष्ठावर खड्डे पडतात. सर्व पृष्ठावर पात्यांची सारखी खूण उमटली की पहिली बाजू तयार झाली. तिच्यावर पेन्सिलीने खूण करून ठेवण्याची पद्धत आहे, कारण पुढची सर्व मापे तिच्यापासून निघतात.

काटकोनातील कड

आता खूण केलेली बाजू उभ्या आधारपट्टीला घट्ट टेकवून कड रंधावी. कड काटकोनात आली की नाही हे गुण्या लावून उजेडाकडे धरून तपासावे. फटीतून उजेड दिसता कामा नये. गुण्याचीही परीक्षा सोपी आहे. सरळ कडेवर गुण्या टेकवून एक रेघ मारावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी मारावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या नाहीत तर गुण्याच चुकीचा आहे.

दोन फळ्या कडेला कड चिकटवून रुंद पाट करायचा असेल, तर एक उपयुक्त युक्ती आहे. एकीची खूण केलेली बाजू आधारपट्टीकडे आणि दुसरीची बाहेरच्या दिशेला ठेवून दोघींच्या कडा रंधाव्यात. आधारपट्टी अर्ध्या अंशाने चुकली असली तरी एका कडेची चूक दुसरीच्या उलट चुकीने भरून निघते आणि जोडलेला पाट सपाट राहतो.

नेहमीचा गैरसमज

पुष्कळ ग्राहक आणि काही कारागीरही असे मानतात की फळी 'थिकनेसर'मधून काढली की ती सरळ होते. हे यंत्र दुसरे काम करते. त्यातील रूळ फळीला खालच्या टेबलावर दाबतात आणि वरची बाजू खालच्या बाजूला समांतर छिलतात. खालची बाजू वाकडी असेल तर वरची बाजूही तशीच वाकडी आणि गुळगुळीत निघते. म्हणून योग्य क्रम असा : आधी रंधा मशीनवर एक बाजू, मग तिला काटकोनात एक कड, नंतर थिकनेसरमध्ये दुसरी बाजू, त्यापुढे करवतीवर दुसरी कड आणि अखेरीस लांबी.

फळी रंधा मशीनपेक्षा रुंद असेल तर एक मार्ग उरतो. जाड, सपाट प्लायवूडवर फळी ठेवून ती जेथे अधांतरी आहे तेथे पातळ पाचरी बसवाव्यात, पुढे लाकडाची अडणी लावावी आणि प्लायवूडसकट थिकनेसरमधून काढावे. वरची बाजू सपाट झाली की फळी उलटून पाचरींशिवाय पुन्हा काढावी. यंत्र नसलेल्या ठिकाणी लांब हातरंध्याने हेच काम होते. वेळ अधिक लागतो, तत्त्व तेच राहते.

जुन्या लाकडाची काळजी

वाड्याच्या तुळईत मोडलेले खिळे, स्क्रू आणि चुन्यात अडकलेली वाळू असते. एका खिळ्याने सर्व पात्यांना दाते पडतात आणि तुटलेला तुकडा जोराने उडू शकतो. म्हणून तारेच्या ब्रशने लाकूड साफ करून, चुंबक किंवा धातूशोधक फिरवून खिळे काढल्यावरच ते यंत्रावर न्यावे. सागवानातील सिलिकेमुळे पाती लवकर बोथट होतात, हेही रंधाईचा दर ठरवताना लक्षात घ्यावे लागते. जाड तुळईच्या फळ्या पाडल्यावर आतील ताण मोकळे होतात आणि फळ्या पुन्हा थोड्या वाकतात. त्यामुळे पहिल्या ढोबळ रंधाईनंतर फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रीतीने त्या काही दिवस रचून ठेवाव्यात आणि अखेरची रंधाई नंतर करावी.

बोटांची किंमत

सुतारी कारखान्यातील अत्यंत धोकादायक यंत्रांत रंधा मशीनची गणना होते. येथे लाकूड हातांनी ढकलले जाते आणि पाती फळीच्या खाली दिसेनाशी असतात. तुकडा आखूड असेल तर तो पात्यांत अडकून मागे फेकला जातो आणि हात उघड्या फटीवर पडतो. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मध्ये अशा यंत्रासाठी गोल दंडाचा पातेधारक आणि फट पूर्ण झाकू शकणारे पुलासारखे आवरण यांची तरतूद करण्यात आली. मोजक्या माणसांवर चालणारे अनेक छोटे कारखाने कामगारसंख्येच्या अटीमुळे अशा नियमांबाहेर राहिले. तेथे एकाच सांगाड्यावर रंधा, गोल करवत आणि भोके पाडण्याची सोय असते आणि कामाला अडथळा होतो म्हणून आवरण काढून ठेवलेले आढळते.

काही नियम कोणत्याही कायद्यावाचून पाळता येतात. एक फुटापेक्षा आखूड तुकडा या यंत्रावर रंधू नये. पात्यांच्या वरून हात नेऊ नये. मूठ असलेले लाकडी ठोकळे वापरून फळी पुढे सरकवावी. हातमोजे आणि सैल बाह्या टाळाव्यात, कारण कापड अडकले तर हात आत ओढला जातो. फळीच्या आडव्या कापाची टोके येथे कधीही रंधू नयेत. लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करते असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये जाहीर केले असल्याने धूळ ओढणारी नळी आणि तोंडावर मास्क यांनाही चैन समजू नये.

ग्राहकाने काय पाहावे?

रंधाई करून घेणाऱ्याने तीन गोष्टी पाहिल्या तरी पुरेसे आहे. दोन फळ्यांच्या सपाट बाजू एकमेकींवर ठेवल्या असता त्या डुगडुगता कामा नयेत. कडेला कड लावून उजेडाकडे धरल्यास फट दिसू नये. गुण्या फळीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये सारखाच बसावा. याखेरीज कारखान्यात शिरल्यावर पात्यांवर आवरण आहे का, हेही विचारावे. आवरण लावून काम केल्यास वेळ थोडा अधिक लागतो आणि दर थोडा वाढू शकतो. तो वाढीव दर देण्याची ग्राहकाची तयारी असेल, तर आवरण काढून ठेवण्याचे एक कारण तरी कमी होते.