रिव्हॉल्व्हरच्या मुठीची बूडपट्टी : उपयोग, अलंकार आणि जतन

शस्त्राचा उपयोग संपतो, पण त्यावरची कारागिरी मागे उरते. तलवारीच्या आणि कट्यारीच्या मुठींवरील सोन्या-चांदीचे काम आपण संग्रहालयांत पाहतो. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांच्या शस्त्रदालनांत अशा मुठींपुढे प्रेक्षक हमखास थबकतात. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर या त्यामानाने अलीकडच्या शस्त्रांवरही असेच काम झालेले आहे, हे मात्र फारसे लक्षात येत नाही. मुठीच्या अगदी तळाशी बसविलेली धातूची नक्षीदार पट्टी हा त्यातलाच एक छोटा पण बोलका भाग. इंग्रजीत तिला ‘बट प्लेट’ अथवा ‘बट कॅप’ म्हणतात. मराठीत तिला बूडपट्टी म्हणता येईल.

शोभेआधी उपयोग

बूडपट्टीचा जन्म शोभेसाठी झालेला नाही. लाकडी मुठीच्या तळाशी लाकडाचे तंतू उघडे पडतात. तेथून ओल आत शिरते आणि शस्त्र हातून पडले तर याच जागी लाकूड चिरते. धातूची टोपी हे दोन्ही धोके कमी करते. शिवाय नळीच्या बाजूला झुकणारे वजन मुठीकडे थोडे ओढले जाऊन तोल साधतो. शस्त्र अंगाला दोरीने बांधून ठेवायचे असेल, तर त्यासाठीची कडी बसवायलाही मुठीचे बूडच सोयीचे असते. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारलेल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या बुडाला अशी कडी असे. घोडेस्वाराच्या हातून शस्त्र निसटले, तरी ते जमिनीवर पडत नसे.

अठराव्या शतकातील इंग्लिश पिस्तुलांत या टोपीला अलंकाराचे रूप आले. त्या काळच्या फुगीर बुडांवर चांदीची टोपी बसवून तीवर विक्राळ मानवी मुखवटा ओतीव कामात साकारला जाई. या टोपीचा आणखी एक फायदा आज अभ्यासकांना होतो. चांदीच्या वस्तूंवर परीक्षणगृहाचे शिक्के मारण्याचा इंग्लंडमध्ये कायदेशीर दंडक होता. बर्मिंगहॅम येथील परीक्षणगृह १७७३ मध्ये सुरू झाले. टोपीवरील शिक्क्यातील वर्षाक्षर वाचता आले, की पिस्तुलाचा काळ बराच नेमका ठरविता येतो. पुढे द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांची चाल आली आणि साध्या, रेघारेघांच्या लाकडी मुठी पसंत केल्या जाऊ लागल्या. मुखवटे मागे पडले.

कोल्ट आणि अॅडम्स

सॅम्युएल कोल्ट याने १८३६ मध्ये अमेरिकेत फिरत्या कोठ्याच्या शस्त्राचे पेटंट घेतले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्याची रिव्हॉल्व्हर आणि रॉबर्ट अॅडम्स या इंग्लिश कारागिराची रिव्हॉल्व्हर अशी दोन्ही मांडली गेली. बूडपट्टीच्या दृष्टीने या दोहोंतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. कोल्टच्या रचनेत लाकडी मुठीच्या मागून, तळातून आणि पुढून धातूच्या पट्ट्या जात. त्यामुळे मुठीचे बूड मुळातच धातूचे असे आणि तेथे वेगळ्या पट्टीची गरज उरत नसे. सजावट करायची तर याच पट्ट्यांवर चांदीचा मुलामा देत किंवा त्यांवर नक्षी कोरीत. अॅडम्सच्या पद्धतीत चौकटीच्या मागे निघालेल्या धातूच्या शेपटावर एकसंध लाकडी मूठ चढविली जाई. तिचे बूड उघडे राही, म्हणून टोपी हवीच. काही इंग्लिश व युरोपीय रिव्हॉल्व्हरांत या टोपीला बिजागरीचे झाकण करून आत तांब्याच्या बारीक टोप्या ठेवण्याची पोकळी ठेवलेली आढळते. बार उडविण्यासाठी त्या काळी या टोप्या लागत. झाकणावरची वेलबुट्टी शोभेची असली, तरी त्याखालची डबी कामाची होती.

कोरीवकामाचे दिवस

कोल्टला अलंकृत शस्त्राची किंमत चांगलीच ठाऊक होती. सत्ताधीशांना सोन्याचे जडावकाम केलेली रिव्हॉल्व्हर भेट देऊन त्याने आपल्या मालाची ख्याती वाढविली. सुमारे १८५३ मधील असे एक रिव्हॉल्व्हर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असून त्याचे जोडीदार तुर्कस्तानच्या सुलतानाला भेट दिले गेले होते. कोल्टसाठी काम करणारा जर्मन वंशाचा कोरक्या गुस्ताव्ह यंग पुढे स्मिथ अँड वेसन कंपनीकडे गेला. न्यूयॉर्कमधील एल. डी. निम्श्के या दुसऱ्या नामवंत कोरक्याने आपल्या कामाचे कागदावर घेतलेले ठसे जपून ठेवले होते. ते १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि कोणते काम कोणाच्या हातचे, हे ओळखण्याचे साधन अभ्यासकांना मिळाले.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तर संपूर्ण मूठच ओतीव धातूची करून तिला सोन्या-चांदीचा मुलामा देण्याची प्रथा निघाली. साप पकडलेला गरुड ही त्यांवरील एक आवडती आकृती. संग्राहक त्यांना ‘टिफनी मुठी’ म्हणून ओळखतात. टिफनी या जवाहिऱ्यांनी सजविलेली स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातही होती.

पट्टी कशी घडते

या कामात सोनार, सुतार आणि शस्त्रकार अशा तिघांची कौशल्ये एकत्र येतात. प्रथम मुठीच्या बुडाचा कागदी नमुना काढतात. त्यावरून पितळ, जर्मन सिल्व्हर किंवा चांदीचा पत्रा कापतात. जर्मन सिल्व्हर या नावात चांदी असली, तरी तो तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू आहे. त्यात चांदी नसते. पत्रा लाकडी अथवा पोलादी साच्यावर ठोकून त्याला खोलगट आकार देतात. पुण्यातील तांबटांचे मठारकाम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

पत्रा लाकडात चपखल बसविणे हा यातला अवघड टप्पा. पट्टीच्या आतील बाजूस काजळीचा हात देऊन ती लाकडावर दाबतात. जेथे काळा डाग उमटतो तेथे लाकूड उंच आहे असे समजून पटाशीने तेवढेच तासतात. सगळीकडे सारखा डाग येईपर्यंत हे चालते. मग खालून स्क्रू किंवा खिळी देऊन पट्टी पक्की करतात. लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते व आकसते, धातू मात्र ओलाव्याने बदलत नाही. म्हणून पट्टी अतिघट्ट बसविल्यास पावसाळ्यात लाकूड तडकण्याची भीती असते.

नक्षीसाठी पट्टी राळेच्या थरावर बसवून छिन्नीने कोरतात किंवा ठशांनी उठावाचे काम करतात. पोलादी पट्टीवर कोफ्तगिरीही करता येते. पोलादाचा पृष्ठभाग सुरीच्या बारीक उभ्या-आडव्या रेघांनी खरखरीत करून त्यावर सोन्याची तार ठोकून बसविण्याची ही कला भारतीय शस्त्रांवर शतकानुशतके वापरली गेली आहे.

वारसा आणि कायदा

घरात वडिलोपार्जित, परवान्याचे रिव्हॉल्व्हर असलेल्या कुटुंबांनी येथे विशेष सावध राहिले पाहिजे. अनेक जुन्या स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरांचा क्रमांक मुठीच्या बुडावरच कोरलेला असतो. पट्टी बसविण्याच्या उत्साहात तो घासला गेला, तर प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे, काढणे किंवा बदलणे निषिद्ध आहे. क्रमांक पट्टीखाली झाकला गेला, तरी परवान्याच्या तपासणीत अडचण उभी राहते. शस्त्रांची दुरुस्ती व फेरफार यांनाही कलम ५ प्रमाणे परवाना लागतो. म्हणून असे काम परवानाधारक शस्त्रकाराकडूनच करवून घ्यावे आणि आधी क्रमांकाची जागा तपासावी.

हस्तिदंताचा मोह तर टाळलेलाच बरा. अमेरिकी सेनानी जॉर्ज पॅटन याच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची आद्याक्षरे कोरलेली हस्तिदंती मूठ प्रसिद्ध आहे. भारतात मात्र देशी हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ मध्ये आणि आफ्रिकेतून आयात केलेल्या हस्तिदंताच्या व्यापारावर १९९१ मध्ये कायद्याने बंदी आली.

शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलावस्तू पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येऊ शकते आणि खासगी व्यक्तीला अशी वस्तू परदेशी पाठविता येत नाही. अशा शस्त्रावर नवी पट्टी चढविणे म्हणजे त्याच्या इतिहासावर आघात करण्यासारखे आहे. मूळ मुठीला भोक पडले, जुना मुलामा चकाकी आणण्यासाठी घासून काढला, की संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल उतरते. हौस भागवायचीच असेल, तर मूळ मूठ जपून बाजूला ठेवावी आणि नवी मूठ करवून तीवर पट्टी बसवावी.

जतनाचे नियमही साधे आहेत. पितळी पट्टीचे शस्त्र चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ ठेवू नये. चामड्यातील आम्ल व तेलामुळे पितळेवर हिरवा थर चढतो. चांदी मऊ सुती कापडाने पुसावी आणि पॉलिशचा वापर क्वचितच करावा, कारण प्रत्येक घासणीत कोरीव रेघ थोडी झिजते. एकदा बुजलेली रेघ पुन्हा कोरता येईल, पण ती मूळ कारागिराच्या हातची असणार नाही.