रिसीव्हरची पारख : प्रस्तावना

मराठी घरांना ऐकण्याची जुनी गोडी आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले आणि पुढच्या काळात रेडिओने गाणे घरोघरी नेले. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्ररात्र जागून तयार झालेला कान आज नोकरीनिमित्त चंदीगडच्या मनीमाजऱ्यात राहायला गेलेल्या घरातही असू शकतो. तिथे ती मैफल दूर, म्हणून घरच्या यंत्रावर भिस्त अधिक. अशा श्रोत्यांना यंत्र पारखून घेता यावे, एवढाच या पुस्तिकेचा हेतू आहे.

रिसीव्हर म्हणजे ॲम्प्लिफायर, रेडिओचा ट्यूनर आणि इतर साधने जोडण्याची सोय एकाच पेटीत. दुकानात आधी डोळ्यांत भरतो तो वॅटचा आकडा. वाचकांनी तो जरूर पाहावा. मात्र तो कोणत्या अटींवर मोजला, हे विचारावे. पीएमपीओचा हजारांतला आकडा क्षणभराच्या उसळीचा दावा असतो. सलग मिळणाऱ्या शक्तीसाठी आरएमएस पाहावा. ८ ओहमवर, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, दोन्ही चॅनल एकाच वेळी चालवून, ०.१ टक्क्याहून कमी विकृतीत मिळणारे ५० वॅट हे एकच चॅनल चालवून १० टक्के विकृतीवर मोजलेल्या १०० वॅटपेक्षा अधिक भरवशाचे. अशाच गोंधळाला आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला.

शिवाय शक्ती दुप्पट झाली तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. ८७ ऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला, तर तेवढाच लाभ त्याच ॲम्प्लिफायरवर मिळतो. म्हणून स्पीकर आधी ठरवा. तो ४ ओहमचा असेल, तर रिसीव्हरला तो पेलेल का, हे माहितीपत्रकात तपासा.

मग ऐका. ओळखीचे ध्वनिमुद्रण सोबत न्या. तानपुऱ्याचा झंकार गायकाच्या मागे स्पष्ट राहतो का, डग्ग्याची घुमक गाण्यावर चढत नाही ना, आवाज वाढवल्यावर तार षड्ज टोचत नाही ना, हे पाहा. दोन यंत्रांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. किंचित मोठे वाजणारे यंत्र कानाला उगाचच सरस भासते.

घरचाही विचार हवा. चंदीगडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. बंद कपाटात कोंडलेला रिसीव्हर तिथे लवकर तापेल. खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर केलीत, तरी दुरुस्तीची सोय तुमच्या गावात असावी.

पुढची प्रकरणे क्रमानेच वाचावीत असा आग्रह नाही. आकड्यांचा धाक वाटत असेल, तर ऐकण्याविषयीचे प्रकरण आधी घ्या. पैसे मोजण्यापूर्वी मात्र माहितीपत्रकातल्या अटी वाचा आणि अर्धा तास निवांत ऐका. दुकानदार ऐकू देत नसेल, तर खुशाल दुसरे दुकान गाठा.