गप्प राहून दुखणं टळत नाही

आज अमेरिकेतल्या एका काळ्या कवयित्रीची गोष्ट सांगते. तिचं नाव ऑड्री लॉर्ड.

१९३४ साली न्यूयॉर्क शहरात तिचा जन्म झाला. आईवडील कॅरिबियन बेटांवरून पोटासाठी आलेले. ऑड्रीची नजर फार अधू होती आणि चार वर्षांची होत आली तरी ती बोलत नव्हती. पुढे शाळेत तिला कविता भेटली. कसं वाटतंय असं कुणी विचारलं, की ती पाठ असलेली कविता म्हणून दाखवायची. मनातलं सांगणारी कविता सापडेना, तेव्हा तिने स्वतः लिहायला घेतलं.

मोठेपणी तिने ग्रंथालयात नोकरी केली. लग्न झालं, दोन मुलं झाली, पुढे नवऱ्यापासून वेगळी झाली. आपलं प्रेम बाईवर आहे हेही तिने लपवलं नाही.

१९७९ साली स्त्रीमुक्तीच्या एका परिषदेत तिने गोऱ्या बायकांना विचारलं: तुम्ही इथे चर्चा करता, तेव्हा तुमचं घर कोण झाडतं, मुलं कोण सांभाळतं? गरीब आणि काळ्या बायकाच ना? मग त्यांच्याशिवाय ही चळवळ कुणाची? पुढच्या वर्षी तिने मैत्रिणींबरोबर प्रकाशन संस्था काढली. नाव ठेवलं ‘स्वयंपाकघरातलं टेबल’, कारण बायकांचं काम आणि बोलणं तिथेच चालतं.

१९७८ साली तिला स्तनाचा कर्करोग झाला आणि एक स्तन काढावा लागला. नकली स्तन न लावता ती तपासणीला गेली, तर परिचारिका म्हणाली, असं आलात की इतरांचं मन खचतं. ऑड्रीला राग आला. आम्ही सगळ्या लपवत राहिलो, तर एकमेकींना ओळखणार कशा? १९८० साली तिने हे सगळं पुस्तकात लिहिलं. तेव्हा या आजाराबद्दल फार कमी जणी उघड बोलत.

१९९१ साली ती न्यूयॉर्क राज्याची राजकवी झाली. १९९२ साली, ५८व्या वर्षी, ती गेली.

बायांनो, छातीत गाठ लागली तरी आपण लाजेपोटी महिनोन्‌महिने सांगत नाही. गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसतो. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण तपासल्याशिवाय कळत नाही. आशाताईंना सांगा, दवाखान्यात जा. पुढच्या बैठकीत हिशोब झाला की हा विषय काढा. पहिली एक बोलली, की दुसरीला धीर येतो.