‘नो डिस्प्ले’ : पुण्यातल्या एका बिघाडाची वाटचाल

संगणक चालू होतो, पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच उमटत नाही. या तक्रारीला दुरुस्तीच्या दुकानांत ‘नो डिस्प्ले’ हे एकच नाव आहे. गेम रंगात आला असताना पडदा एकाएकी काळा पडणे हा याच घराण्यातला अलीकडचा बिघाड. दोन्हींत फरक आहे तो वेळेचा. पहिल्यात यंत्र उठतच नाही, दुसऱ्यात ते उठते, तासभर नीट चालते आणि ग्राफिक्स कार्डावर पूर्ण भार आल्यावरच मान टाकते. म्हणूनच दुसऱ्या प्रकाराचे निदान अवघड. गिऱ्हाईक यंत्र घेऊन दुकानात येते तेव्हा ते ठणठणीत चालत असते.

काळ्या पडद्याशी पुण्याची ओळख संगणकाच्या आधीची आहे. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळची तपकीर गल्ली नावाने तपकिरीची. धंदा मात्र कित्येक वर्षांपासून विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाचा. १९५३ मध्ये पुण्याचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम शहरात दिसू लागले. रेडिओबरोबर टीव्हीची दुरुस्तीही धंद्यात आली. त्या काळची नेहमीची तक्रार ‘आवाज येतो, चित्र नाही’ अशी असे. चित्रनळीला काही हजार व्होल्टचा दाब लागतो आणि तो पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला कारागीर ‘ईएचटी’ म्हणत. आवाज शाबूत असेल तर मुख्य वीजपुरवठा बहुधा ठीक, संशय थेट ईएचटीवर. गेममध्ये पडदा काळा पडूनही हेडफोनमध्ये गोळीबार ऐकू येत राहिला, तर आजचा कारागीर हाच तर्क लावतो : प्रोसेसर जिवंत आहे, कार्डाने साथ सोडली आहे.

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये तिथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. पेठांतल्या दुकानांचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्यांचा व्यवहार सुटे भाग जुळवून बनवलेल्या ‘असेंबल्ड’ यंत्रांचा. माल बराचसा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा. १९८७ मध्ये आलेला व्हीजीए हा चित्राचा प्रकार तोवर रुळला होता आणि त्याचे कार्ड मदरबोर्डाच्या खाचेत बसवावे लागे. धूळ आणि पावसाळी दमटपणा यांनी कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढे; कार्ड काढून त्या पट्ट्या खोडरबराने घासायच्या आणि पुन्हा बसवायचे, हा उपाय निम्मी यंत्रे उठवायला पुरत असे. एक लांब आणि दोन आखूड बीप ऐकू आले की बहुतेक यंत्रांत दोष चित्राच्या कार्डाचा. पडदा बंद असतानाही यंत्र बोलत होते, ही या काळाची मोठी सोय.

याच सुमारास दोष नेहमी वस्तूतच असतो ही समजूत ढिली झाली. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस वारंवार सापडत. त्यांचे भाऊ संजय काटकर यांनी ते काढण्याचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून ‘क्विक हील’ ही कंपनी उभी राहिली. २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. पुण्याच्या दुरुस्ती-धंद्याची ही सर्वांत गाजलेली फलश्रुती.

गेमसाठी वेगळे कार्ड घेण्याची रीत १९९६ च्या ‘व्हूडू’ कार्डापासून पडली. ते नेहमीच्या कार्डाशेजारी बसे आणि चित्र एका आखूड केबलीतून त्याच्यामार्गे मॉनिटरला जाई. ती केबल सैल झाली तरी पडदा काळा. १९९९ च्या ‘जीफोर्स २५६’ नंतर दोन्ही कामे एकाच कार्डात स्थिरावली आणि विजेची भूक वाढत गेली. पीसीआय एक्सप्रेस खाचेतून ७५ वॉट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, छापलेले ‘४५० वॉट’ मात्र बऱ्याचदा स्टिकरपुरतेच असत. भार वाढताच व्होल्टेज खाली येई आणि गेम सुरू होऊन पाच मिनिटांत यंत्र बंद पडे किंवा पडदा जाई. त्यात महाराष्ट्रातले भारनियमन. २००६ मध्ये उद्योगांच्या स्वतःच्या वीजनिर्मितीच्या आधाराने पुण्याने भारनियमन टाळले आणि तो प्रयोग ‘पुणे मॉडेल’ म्हणून ओळखला गेला. घरोघरचे छोटे यूपीएस मात्र राहिले. असा यूपीएस मोठ्या कार्डाचा भार पेलत नाही. पण त्याने दगा दिला तर पंख्यांसकट सगळेच बंद होते, आणि एवढ्या खुणेवरून कार्ड बहुधा निर्दोष ठरते.

२००७ च्या विंडोज व्हिस्टापासून बिघाडाचे रूप बदलले. त्याआधी कार्ड अडकले की अख्खे यंत्र गोठे किंवा निळा पडदा येई. व्हिस्टाने नवा नियम आणला : कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही तर प्रणाली त्याला स्वतःच नव्याने सुरू करते. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि गेम बहुधा बंद पडतो. ही दोन सेकंदांची मुदत वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने कार्ड का अडकते हा प्रश्न सुटत नाही, फक्त ते जास्त वेळ अडकलेले राहते.

त्याच सुमारास धातूनेही घात केला. जुलै २००६ पासून युरोपात नियमाने शिशाच्या सोल्डरवर बंधने आली आणि जगभरचे कारखाने शिसेविरहित सोल्डरकडे वळले. तापणे आणि थंड होणे या फेऱ्यांत चिपखालचे जोड तडकणे ही जुनीच व्याधी. तिची चर्चा आता वाढली. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिपांमधील सदोष जोडणीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. दुकानांतून हीट गन आणि पाठोपाठ चिप उचलून पुन्हा बसवणारे बीजीए मशीन आले. ‘चिप लेव्हल रिपेअरिंग’चे वर्ग निघाले. गरम हवा मारून उठवलेले कार्ड बहुधा काही आठवड्यांत पुन्हा झोपते. चिप उचलून खालचे गोळे नव्याने बसवणे, म्हणजे रिबॉलिंग, जास्त टिकते. पण दोष चिपच्या पोटात असेल तर तेही वाया.

सप्टेंबर २०२० मध्ये आलेली ‘आरटीएक्स ३०८०’ कार्डे कोरी असतानाच गेममध्ये कोसळू लागली. सुरुवातीला चिपमागच्या कपॅसिटरांवर ठपका आला. त्याच महिन्यात आलेल्या नव्या ड्रायव्हरने बहुतेक तक्रारी थांबल्या. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकचा ‘परम सिद्धी’ हा महासंगणक, ही कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाच्याच चिपांवर, जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला. पण तो राहतो वातानुकूलित दालनात. पेठेतल्या खोलीत एप्रिलच्या दुपारी कार्डाच्या पंख्याला मिळते ती चाळिशीला टेकलेली हवा.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचे मायनिंग बंद केले आणि अहोरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात स्वस्त झाली. त्यांतल्या अनेकांची थर्मल पेस्ट वाळलेली, मेमरीवरचे पॅड कडक झालेले, पंख्यांचे बेअरिंग घासलेले असते. अशा कार्डाचे तापमान वरवर बरे दिसते आणि मेमरी मात्र भाजत असते.

निदानाचा क्रम आता ठरून गेला आहे. केबल आणि मॉनिटर बदलून पाहणे, विंडोजच्या नोंदी वाचणे, जुना ड्रायव्हर मुळासकट काढून नवा टाकणे, ओव्हरक्लॉक उतरवणे, मग एसएमपीएस. एवढे होऊनही पडदा गेला तर कार्ड दुसऱ्या यंत्रात बसवतात आणि गिऱ्हाइकाच्या यंत्रात दुकानातले चालू कार्ड. त्यासाठी कोणतेही महागडे मॉडेल लागत नाही. काउंटरखाली एक जुने, खात्रीचे कार्ड असले की भागते.